एमओएफने कार्बन पकडण्याचं कौतुक जरा जास्तच होतंय का?

निवांत_पाटील
२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना मिळालं आणि व्हॉट्सॲपवर ‘हवा शुद्ध करणारी जादूची पावडर’ फिरायला लागली. धातूचे अणू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांचा हा सच्छिद्र स्फटिक, म्हणजे एमओएफ. एका ग्रॅममध्ये हजारो चौरस मीटर पृष्ठभाग! संशोधनाला सलामच. पण हवेत सीओटू जेमतेम ०.०४ टक्के. एक टन गोळा करायचा तर निदान १३ लाख घनमीटर हवा पंख्यांनी ओढायला हवी. ती वीज कोळशाचीच ना? त्यापेक्षा तो पैसा सौरऊर्जेत घाला.

गाळणी_आणि_गणित
पाटीलसाहेब, हवेचं सोडा, धुराड्याचं बोला. सिमेंटच्या सीओटूपैकी साधारण ६० टक्के चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवलीत तरी तो निघणारच. त्याला तुमच्याकडे काय उपाय आहे?

आणि आज वापरात असलेली अमाइनची, म्हणजे अमाइन रसायनाच्या द्रावणात सीओटू शोषून घ्यायची पद्धत बघा. द्रावणात ७० टक्के पाणी, म्हणजे सीओटू सोडवायला ते सगळं पाणी १२० अंशांपर्यंत तापवत बसायचं. सगळा खर्च तिथेच होतो. कॅल्गरी विद्यापीठात तयार झालेला, जस्ताचा कॅल्फ-२० हा एमओएफ सीओटू सैलसर धरतो, त्यामुळे कमी दाबाच्या वाफेने मोकळा होतो. २०२१ साली त्यावर ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात पेपर आला. कॅनडातल्या रिचमंडच्या सिमेंट कारखान्यात खऱ्या धुरावर चाचणीही झालीय.

जुना_फिटर
चाचणी झाली, पण रोज एक टनाच्या आसपास! मोठा सिमेंट कारखाना दिवसाला हजारो टन सोडतो, त्याचं काय?

शिवाय दमटपणाचा मुद्दा तुम्ही शिताफीने टाळलात. कॅल्फ-२० सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत असेल तर पाण्यापेक्षा सीओटूला पसंती देतो. धूर थंड केला की तो पाण्याने तुडुंब, १०० टक्के आर्द्र. म्हणजे आधी वाळवा, मग पकडा. सल्फर, धूळ, बारीक राख वेगळीच. प्रयोगशाळेतल्या लोकांना धुराडं म्हणजे बाटलीतला गॅस वाटतो.

गाळणी_आणि_गणित
वाळवण्याचा खर्च मान्य. पण मॅग्नेशियमचा एमओएफ-७४ ओलाव्यात लगेच लंगडा पडायचा. कॅल्फ-२० वाफ आणि आम्लयुक्त ओला गॅस सोसतो, हाच फरक आहे. बीएएसएफ ही जर्मन रसायन कंपनी तो टनांत बनवतेय.

वर्धाकाठ
पकडलात, ठेवणार कुठे? आमच्या चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, शेजारी सिमेंटचे कारखाने. जो तो उठतो आणि दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, सीओटूचा दगड करू म्हणतो. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात दोन वर्षांत झालाही, पण एका टनामागे पंचवीसेक टन पाणी घालून. विदर्भात एवढं पाणी मागायला कोण येणार?

जुना_फिटर
वर्धाकाठ, हे चोख बोललात.

कातळखोर
पाण्यावाचूनही जमतं. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन सीओटू दाबाखाली सरळ बेसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांनी काढलेल्या नमुन्यांत कार्बोनेट, म्हणजे सीओटूचा दगड, सापडलं. अडचण दुसरीच आहे: चंद्रपूरच्या कोळशाखाली बेसाल्ट नाही, तिथे गोंडवाना, म्हणजे गाळाचे खडक. पश्चिमेकडे यवतमाळच्या दिशेने नळ टाकावे लागतील.

वर्धाकाठ
म्हणजे आधी भूसंपादन. मग तर स्फटिक वाळेपर्यंत आमची पुढची पिढी मोबदल्याच्या तारखांना हजर!