गिअरची दांडी ठोकू नका

ट्रॅक्टरचा गिअर टाकताना कचकच आवाज येतो म्हणजे क्लच प्लेट गेली, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. गाडी खोलण्याआधी टाकायची पद्धत बघा. जुन्या मॅसी ३५ ट्रॅक्टरला सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही. गिअर असो की हाय-लो (जलद-संथ पट्टा निवडायची दांडी), ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच टाकायचा. क्लच दाबून क्षणभर थांबा. गिअरच्या दातावर दात आला तर न्यूट्रलला आणा, क्लच थोडा सोडून परत दाबा, अलगद बसतो.

डबल क्लचचं, म्हणजे एकाच पेडलवर दोन टप्प्यांच्या क्लचचं, कुणी सांगत नाही. पेडल अर्धं दाबलं की चाकांचा जोर सुटतो, पीटीओ (रोटाव्हेटरसारखं अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) फिरत राहतो. तळाला नेलं की तोही थांबतो. पुतण्याला रोटाव्हेटर देण्याआधी आम्ही हा मधला टप्पा पायाने ओळखायला लावला. आणि उसाची भरलेली ट्रॉली उतारावर असताना हाय-लोला हात लावूच देऊ नका, न्यूट्रल झाली की इंजिनाचा रोध संपतो.