ग्रीक भारी की रोमन? नववीच्या वर्गातलं भांडण सोडवा

प्रश्न: खडू_फळा (सोलापूर)

मी शाळेत इतिहास शिकवते. परवा एका पोराने विचारलं, "मॅडम, ग्रीकांचे देव घेऊन झ्यूसचा ज्युपिटर केला, हर्मिसचा मर्क्युरी केला. म्हणजे रोमनांनी नुसती कॉपी मारली ना?" वर्ग खिदळला. ग्रीक विचार करणारे आणि रोमन राज्य करणारे, असं काहीतरी पुस्तकी सांगून मी तास उरकला. घरी येईपर्यंत माझंच मला पटेना. कुणाकडे चार धड उदाहरणं आहेत का? गुळगुळीत वाक्यं नकोत, ती माझ्याकडे भरपूर आहेत.

उत्तर: चावीवाला (रिटायर)

मॅडम, मी इतिहासवाला नाही. एकतीस वर्षं पाण्याच्या चाव्या सोडल्या. आता नातीच्या मोबाइलवर काहीबाही वाचत बसतो, त्यात फ्रॉन्टिनस सापडला. इ.स. ९७ मध्ये नर्व्हा बादशहाने त्याला रोमच्या पाणीपुरवठ्यावर नेमलं. म्हणजे आमचा साहेबच की ओ! साहेबाने आल्या आल्या पाणी मोजलं. दप्तरात लिहिलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी उगमाशीच कालव्यात शिरत होतं. मग मधे गेलं कुठं? जमिनीखालच्या नळांना वाटेत भोकं पाडलेली. आणखी एक गंमत बघा. पाण्याचा हक्क नव्या मालकाकडे गेला की हौदाला नवं तोंड बसवायचे. जुनं तोंड मात्र पाणीवाले बुजवतच नसत, त्यातून पाणी काढून परस्पर विकायचे. हे वाचून मी एकटाच हसत बसलो. नावं सांगत नाही, पण फरशी उचलल्यावर खाली चालू लाइन निघालेली मी डोळ्यांनी बघितलीय.

ह्याच माणसाने ग्रीकांना एक टोमणा मारलाय. आमच्या ह्या कालव्यांपुढे ते रिकामे पिरॅमिड काय आणि ग्रीकांची नावाजलेली पण बिनकामाची बांधकामं काय, असा. इथं साहेब चुकला. सामोस बेटावर युपॅलिनोस नावाच्या ग्रीकाने इ.स.पू. सहाव्या शतकात डोंगरातून पाण्यासाठी बोगदा काढला. लांबी १,०३६ मीटर, दोन्ही तोंडांकडून खणत आले आणि मधे गाठ पडली. दुर्बीण नाही, होकायंत्र नाही. आम्ही रस्त्याच्या अल्याड-पल्याडचे दोन पाइप जुळवायला एकच रस्ता तीनदा फोडलाय, त्यामुळे ह्या माणसाला माझा दंडवत.

मग रोमनांचं मोठेपण कशात? माझ्या मते, माणसं नेमण्यात. ऑगस्टस बादशहाचा सेनापती अग्रिप्पा, त्याने पाण्याच्या कामाला २४० गुलामांची टोळी ठेवली होती. त्याच्या मागे ऑगस्टसने ती सरकारजमा केली आणि पुढे क्लॉडियस बादशहाने ४६० जणांची दुसरी टोळी उभी केली. सातशे माणसं, कायमची! हौद राखणारे, फरशी उकलून परत बसवणारे, गिलावा करणारे, सगळे वेगवेगळे. गुलाम होते हे विसरू नका, पोरांनाही सांगा. पण अग्रिप्पाने इ.स.पू. १९ मध्ये आणलेला 'ॲक्वा व्हर्गो' हा कालवा दुरुस्त होत होत आजही रोमच्या त्रेवी कारंज्याला पाणी देतोय. आमच्याकडे टाकीच्या उद्घाटनाला दोनशे माणूस जमतं आणि गाळ काढायच्या दिवशी दोघं.

जाता जाता, प्लंबर हा शब्दसुद्धा त्यांचाच. लॅटिनमध्ये प्लंबम म्हणजे शिसं.

उत्तर: मागाचा_खडखडाट

काका, एक नंबर. कॉपीचं मी सांगतो. आपल्या सोलापूरजवळच्या बाळे गावचा खंडोबा कर्नाटकात मैलार आणि आमच्या तेलुगूत मल्लन्ना. ह्यात कॉपी कुणी मारली? ज्युपिटर रोमनांचा स्वतःचाच, नंतर त्याची झ्यूसशी ओळख जुळवली. अपोलो मात्र खरंच ग्रीकांकडून नावासकट आणला.

आता माझा मुद्दा. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. पणजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले ते इथलेच झाले. आम्ही अथेन्समध्ये असतो तर? इ.स.पू. ४५१ चा पेरिक्लीसचा कायदा सांगतो, आई आणि बाप दोघं अथेन्सचे असतील तरच नागरिक. बाहेरून येऊन राहिलेले ते मेटिक. कर भरा, लढाईला या, पण मत नाही आणि जमीनही नाही. खुद्द ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये मेटिक होता! म्हणजे चौथ्या पिढीतला मीही तिथं पाहुणाच. रोममध्ये नागरिक मालकाने रीतसर सोडलेला गुलामसुद्धा नागरिक व्हायचा. इ.स. २१२ मध्ये कॅराकॅला बादशहाने तर साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व देऊन टाकलं. कर जास्त मिळावा म्हणून दिलं, असं त्याच काळातला इतिहासकार डिओ कॅसिअस लिहितो. असेलही.

पण खरं सांगायचं तर तोवर रोममधल्या मताला काडीची किंमत उरली नव्हती, सगळं बादशहाच्या मर्जीवर. अथेन्सचा साधा कुंभारसुद्धा सभेत हात वर करून युद्ध ठरवायचा. मला राहायला रोम चालेल, भांडायला अथेन्स.

खडू_फळा

खंडोबा उद्या फळ्यावर! चावीवाले काका, सामोसचा तो बोगदा पुढे किती चालला हो?

चावीवाला (रिटायर)

हजारएक वर्षं, म्हणतात. आतल्या मातीच्या नळांत साका बसला तेव्हा ते वरून फोडून साफ केल्याच्या खुणा आहेत. म्हणजे गाळ काढणारं तिथंही कुणीतरी होतंच की. माझं वरचं म्हणणं तेवढं ढिलं पडलं, मान्य. बाकी रात्री बोलू, आज आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाण्याचा वार आहे, मोटर लावायचीय.