रात्री साडेनऊची ऑर्डर

रविवार, रात्र

बी-३०४ : नमस्कार सगळ्यांना. उशिरा लिहितोय, माफ करा. हा विषय आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर चालतो की नाही माहीत नाही, पण मला खरंच मदत हवी आहे. गेले आठ-नऊ महिने आठवड्यातून चार-पाच रात्री माझं जेवण बाहेरून येतं. बर्गर, फ्राइज, पिझ्झा आणि सोबत कोला. परवाच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, वाढलेले निघाले, रक्तदाबही काठावर आहे. डॉक्टर म्हणाले, आधी खाणं सुधारा, तीन महिन्यांनी परत बघू. तेव्हापासून तीनदा "उद्यापासून बंद" असं ठरवलं आणि तिन्ही वेळा दोन दिवसांत मोडलं. ज्यांनी ही सवय सोडली आहे त्यांनी सांगा, कशी सोडलीत?

बी-१०२ काका : उद्यापासून कशाला, आत्तापासून बंद कर. ते ॲप फोनमधून काढून टाक. मला बीपी निघालं त्या दिवसापासून मी चिप्सच्या पाकिटाला हात लावलेला नाही. पंधरा दिवस जड जातात, मग काही वाटत नाही.

बी-३०४ : काका, ॲप दोनदा काढलं. दोन्ही वेळा रात्री परत घेतलं. दोन मिनिटांचं काम आहे ते.

सी-२०२ दादा : एक विचारू? ऑर्डर साधारण किती वाजता करतोस? आणि त्याआधी शेवटचं कधी खाल्लेलं असतं?

बी-३०४ : साडेनऊच्या आसपास. घरी येतो, बूट काढतो, सोफ्यावर बसतो, की फोन हातात. जेवण दुपारी दीडला झालेलं असतं. मधे एखादी कॉफी, दोन बिस्किटं.

सी-२०२ दादा : मग मेख तिथंच आहे. आठ तास पोटात काही नाही आणि मग हातात फोन, डोळ्यांसमोर पिझ्झ्याचे फोटो. अशा वेळी मी तरी दुसरं काय मागवलं असतं?

माझंही दोन वर्षांपूर्वी हेच होतं. तेव्हा मी आधी काहीही न सोडता दोन आठवडे फक्त लिहून ठेवलं. किती वाजता मागवलं, कुठे बसलो होतो, भूक दहापैकी किती होती, बरोबर कोण होतं. चवीसाठी म्हणून मागवलं असं फार थोड्या वेळा निघालं. बहुतेक वेळा भूक आठ-नऊच्या वर गेलेली, नाहीतर ऑफिसमधून वैतागून आलेलो. मग मी रात्रीच्या जेवणाला हात न लावता संध्याकाळ बदलली. सहा वाजता दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर शेंगदाणे आणि एक फळ, ऑफिसातच, टेबलावरच. घरी पोचल्यावर भूक पाचावर असायची. पाचाच्या भुकेला माणूस स्वयंपाकघरात जातो.

दुसरी एक गोष्ट केली. बूट काढल्यावर सोफ्यावर बसायचं नाही, आधी गॅसवर भांडं ठेवायचं. भांडं चढलं की मग पाहिजे तेवढा वेळ बस.

ए-२०४ ताई : दादांनी सोफ्याचं सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक प्रयोग सांगते, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. सिनेमा बघायला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना आठवडाभर आधी केलेले, शिळे, मऊ पडलेले. ज्यांना थिएटरात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. विचारल्यावर "चव वाईट होती" असंच म्हणाले, पण हात थांबला नाही. हेच पॉपकॉर्न मीटिंगच्या खोलीत गाण्यांचे व्हिडिओ दाखवताना दिले तेव्हा ही सवय चालली नाही. आणि थिएटरातच, पण नेहमीच्या उलट हाताने खायला सांगितलं, तेव्हाही शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले गेले.

बी-३०४, तुमच्यासाठी तो सोफा म्हणजे थिएटर आहे.

बी-३०४ : ताई, हे वाचून जरा गप्पच झालो. मागच्या आठवड्यात फ्राइज गार झालेले होते, तरी सगळे संपवले.

बी-१०२ काका : म्हणजे माणसाच्या निर्धाराला काही किंमतच नाही का?

ए-२०४ ताई : आहे ना काका, पण तो कोणत्या वेळी वापरायचा हे बघावं लागतं. दमलेल्या, उपाशी माणसावर रात्री साडेनऊला निर्णय टाकू नये. जेवून तृप्त असताना, सुटीच्या दिवशी तो करून ठेवावा. फ्रीजमध्ये डाळ शिजलेली आहे, भाज्या चिरलेल्या आहेत, हा रविवारी केलेला निर्धारच आहे. ॲपमधून कार्डाची माहिती काढून टाकणं हाही तसाच. दर वेळी सोळा आकडे टाकायला लागले की हात थबकतो. तो उलट्या हाताचाच प्रकार झाला.

आणि "तीनदा मोडलं" याचं फार मनाला लावून घेऊ नका. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला होता. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतील असं दिसलं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसा फरक पडला नव्हता. तुम्ही दोन दिवसांनी मोडलं आणि लगेच सगळंच सोडून दिलंत, नुकसान तिथे झालं.

सोमवार, सकाळ

ए-१०१ काकू : रात्रीचं सगळं आत्ता वाचलं. मी बरीच वर्षं हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. थोडं लांब लिहीन, सावकाश वाच रे बाळा.

सगळं एका दिवसात सोडू नकोस. आधी कोला सोड. तुझे ट्रायग्लिसराइड्स वाढलेत आणि त्यांना वाढवण्यात साखर, मैदा आणि दारू यांचा मोठा हात असतो. ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला २५ ग्रॅमच्या आसपास. एका कॅनमध्येच तू ते ओलांडतोस. शिवाय प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, वरचा बर्गर तेवढाच जातो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी नेहमी हेच आधी सोडायला सांगत असे, कारण जेवणाला हात न लावता होणारा हा सगळ्यात मोठा बदल आहे.

आता "मला तोंड आवरत नाही" असं तू म्हणशील. ते सगळं तुझ्या तोंडाचं नाही. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २० जणांना चार आठवडे आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं ताजं अन्न. समोर ठेवलेल्या जेवणात ऊर्जा, साखर, चरबी, तंतू, मीठ दोन्हीकडे सारखंच ठेवलं होतं. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन साधारण ०.९ किलो वाढलं आणि ताज्या अन्नावर तेवढंच उतरलं. २०१९ चा अभ्यास आहे. त्यात खाण्याचा वेगही जास्त आढळला होता. मऊ अन्न भराभर गिळलं जातं आणि पोट भरल्याची खबर डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर आपण ताट पुसलेलं असतं.

म्हणून ताटात चावायला लागेल असं काहीतरी हवंच. अर्धं ताट भाज्या, पाव भाग डाळ, अंडी, मासे किंवा चिकन, उरलेल्या भागात भात नाहीतर जे धान्य आवडेल ते. मोजमाप करत बसू नकोस.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. घरचं जेवण पहिले काही आठवडे बेचव लागेल. त्यात स्वयंपाकाचा दोष नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं म्हणतात, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. बाहेरच्या एका जेवणात त्यातला मोठा भाग संपतो. जिभेला त्याची सवय झालेली आहे. मीठ कमी केल्यावर जीभ बदलते, पण तिला दोन-तीन महिने द्यावे लागतात. तोवर लिंबू, लसूण, मिरी, भाजलेले कांदे यांच्यावर भागव.

बी-३०४ : काकू, हे मी सेव्ह करून ठेवलं. बेचव लागण्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मला नीट बनवताच येत नाही.

ए-५०३ ताई : काकू, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. क्लासहून येताना मित्रांबरोबर रोज काहीतरी खाऊन येतो आणि घरी जेवतच नाही. पैसे देणं बंद करून बघितलं, ओरडून झालं. काय करू?

ए-१०१ काकू : चांगले मार्क पडले तर पिझ्झा, असं करतेस का?

ए-५०३ ताई : करते. 😔

ए-१०१ काकू : ते आधी थांबव. बक्षीस म्हणून दिलेल्या गोष्टीची किंमत मुलांच्या मनात वाढते आणि ज्याच्यासाठी लाच दिली ती गोष्ट नकोशी होते. भाजी संपवली तर आइस्क्रीम, हेही तसंच. नवीन भाजी एकदा नाकारली म्हणून सोडून देऊ नकोस. काही मुलांना दहा-पंधरा वेळा चाखल्यावर एखादी चव पटते. ताटात ठेवायची, आग्रह करायचा नाही.

सी-४०१ : मी बोलू का थोडं? मी एकोणीसचा आहे, चार वर्षांपूर्वी मीच तो मुलगा होतो. घरी ओरडा बसायला लागला तेव्हा मी खाणं कमी केलं नाही, लपवायला लागलो. रॅपर दप्तराच्या तळाशी. त्यात मला जवळचं होतं ते मित्रांबरोबर उभं राहून गप्पा मारणं, बर्गर नंतर. मग आईने एकदा सांगितलं की शनिवारी मित्रांना घरी घेऊन ये आणि तुम्हीच बनवा. आम्ही पाच जणांनी मिळून बर्गर केले, टिक्कीत राजमा आणि गाजर घातलं, बटाटे तळायच्या ऐवजी ओव्हनमध्ये भाजले. पहिल्यांदा करपले. पण त्यानंतर मला स्वयंपाकघराची भीती राहिली नाही. आता एकटा राहतो तरी आठवड्यातले बहुतेक दिवस स्वतःच करून खातो.

ए-५०३ ताई : लपवतो हे मला माहीत आहे. परवा त्याच्या बॅगेत सापडलं होतं. तू लिहिलंस ते बरं झालं रे. या शनिवारी बोलावते त्याच्या मित्रांना.

बी-१०२ काका : मला एक म्हणायचं आहे. थोडं थोडं कमी करणं सगळ्यांना जमत नाही. मला तर एक चिप खाल्ली की पाकीट संपेपर्यंत थांबता येत नाही. माझ्यासाठी शून्य हाच सोपा आकडा आहे.

ए-१०१ काकू : तेही खरं आहे. ज्या एका पदार्थापुढे आपण थांबूच शकत नाही, तो घरात न आणणंच बरं. काकांचा तो चिप्स असेल, बी-३०४ चा कोला असेल. पण "बाहेरचं सगळंच बंद" असं ठरवलं की मित्राच्या वाढदिवशी एक तुकडा खाल्ला तरी सगळं संपल्यासारखं वाटतं आणि त्याच रात्री पुन्हा जुनं सुरू होतं. त्या दिवशी तुकडा खावा, दुसऱ्या दिवशी सहाची अंडी खावीत.

बी-१०२ काका : आणि पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय लावा. जे वजनाने सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी लिहिलेलं असतं. मी "आरोग्यदायी" म्हणून जी बिस्किटं दोन वर्षं खाल्ली त्यात पहिला मैदा आणि दुसरी साखर होती.

सी-२०२ दादा : मागवायचंच झालं तर कॉम्बो घेऊ नकोस. नुसता बर्गर घे, पाणी पी, सॉस वेगळा मागव आणि घरची काकडी-टोमॅटो सोबत घे. मी पहिले दोन महिने असंच करायचो.

ए-२०४ ताई : झोपेचंही बघा. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं आणि भूक शमवणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. रात्री दीडला झोपून दुसऱ्या दिवशी सॅलडवर राहायचं ठरवणं फार कठीण असतं.

बी-३०४ : मी दीडलाच झोपतो. बरं, ठरवलं. कोला आजपासून बंद, सहा वाजताचं खाणं सुरू. बाकी सध्या काही नाही. कार्डाची माहितीही काढली आत्ता.

पाच आठवड्यांनी, रविवार संध्याकाळ

बी-३०४ : सांगायचं राहिलं होतं. पहिले तीन-चार दिवस डोकं खूप दुखलं. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, कोलातलं कॅफिन सुटल्यामुळे होतंय, थांबेल. थांबलं. ऑर्डर आता आठवड्याला एक, फार तर दोन. मागच्या गुरुवारी काम अकरापर्यंत चाललं, सहाचं खाणं राहिलं, आणि मोठा पिझ्झा मागवून सगळा खाल्ला. आधीसारखं असतं तर तिथेच संपलं असतं. शुक्रवारी सहाला अंडी खाल्ली आणि रात्री भांडं चढवलं. वजन फारसं उतरलेलं नाही. रक्त तपासणीला अजून सात आठवडे आहेत.

सी-२०२ दादा : गुरुवारचं लिहून ठेवलंस ना?

बी-३०४ : हो दादा. "भूक १०, अकरा वाजता, उभ्याउभ्याच." आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याची बरणी ठेवली आहे.

ए-५०३ ताई : आमच्याकडे तीन शनिवार झाले. रोजचं अजून सुटलेलं नाही, पण लपवणं थांबलंय. काल त्याने स्वतःहून गाजर किसलं.

ए-१०१ काकू : खूप बरं वाटलं ग वाचून.

बी-३०४ : काकू, आज मोठ्या कुकरमध्ये डाळ लावली आहे, आठवड्याची एकदम. फ्रीजमध्ये किती दिवस टिकेल?

ए-१०१ काकू : तीन दिवस, फार तर चार. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली पाहिजे, रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. उथळ डब्यांत काढ म्हणजे लवकर निवेल. बुधवारपर्यंतची खाली ठेव आणि उरलेली फ्रीजरमध्ये टाक, एकेका जेवणापुरते डबे करून.

बी-३०४ : डबे दोनच आहेत माझ्याकडे.

बी-१०२ काका : माझ्याकडे सहा रिकामे पडलेत. खाली ये, घेऊन जा.