मदत हवी आहे: 'लिलिपुट'चा ख्रिसमस अंक कोणत्या सालचा? (घाई आहे)

लेस्टरकर: नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडात, लेस्टरमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात 'लिलिपुट' या जुन्या ब्रिटिश मासिकाचा ख्रिसमस अंक मिळाला. दुकानदार म्हणतो १९४६चा आहे. मला खात्री करून हवी आहे, साल कसं ओळखायचं? शिवाय अंकाला कुबट वास येतोय, तो कसा घालवू? शुक्रवारी विमान आहे, त्याआधी सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

मंजिरी: मुखपृष्ठावर महिना-साल छापलेलं नाही का?

अण्णा डोंबिवली: वासाचं काय घेऊन बसलात! दोन दिवस कडक उन्हात पानं उघडून ठेवा. आमच्याकडे दर मे महिन्यात सगळं कपाट गच्चीवर जातं.

लेस्टरकर: अण्णा, इथे डिसेंबर आहे. चार वाजता दिवे लावतोय.

रद्दीप्रेमी: आणि ऊन असतं तरी दाखवू नका. युद्धकाळात आणि त्यानंतरही काही वर्षं ब्रिटनमध्ये कागदाची टंचाई होती, मिळेल त्या हलक्या कागदावर छपाई चालायची. असा कागद उन्हात तपकिरी पडतो, कडांचे तुकडे हातात येतात. झाकणाचा मोठा डबा घ्या, आत अंक उभा ठेवा, शेजारी वाटीत खायचा सोडा. सोडा कागदाला लागता कामा नये. वास कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही.
आता साल. मुखपृष्ठाचा फोटो डकवा. एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्रा असं चित्र असेल तर ते वॉल्टर ट्रियरचं. मूळचा प्रागचा हा चित्रकार. १९४९पर्यंत 'लिलिपुट'ची मुखपृष्ठं त्याचीच, प्रसंग दर महिन्याला वेगळा, पण हे तिघं ठरलेले.

अण्णा डोंबिवली: आमची पुस्तकं साठ वर्षं उन्हातच टिकली आहेत. असो. ज्याचा त्याचा अनुभव.

लेस्टरकर: मुखपृष्ठ नाहीये.

मंजिरी: अहो, मग हे आधी सांगायचं ना! आम्ही इथे कुत्रा शोधतोय.

चहाबाज: एक मिनिट. हे पुढे 'मेन ओन्ली'त विलीन झालं तेच ना? 'मेन ओन्ली' काय चीज आहे ते हॉस्टेलवाल्यांना विचारा. कस्टमवाल्याने बॅग उघडली तर काय सांगणार आहात?

रद्दीप्रेमी: चहाबाज, दोन वेगळ्या काळांची खिचडी करू नका. 'लिलिपुट' १९३७ साली स्टेफान लोरांटने काढलं. कथा, विनोद, व्यंगचित्रं, फोटो असा ऐवज. बिल ब्रँटचे फोटो त्यात यायचे, रोनाल्ड सर्लचं सेंट ट्रिनियन्स या मुलींच्या काल्पनिक शाळेवरचं पहिलं व्यंगचित्र १९४१ साली त्यातच आलं. समोरासमोरच्या पानांवर दोन फोटो टाकून, एक शब्द न बोलता टोमणा मारायची त्यांची खासियत होती. एका पानावर पंतप्रधान चेंबरलेन, समोर लामा नावाचा उंटाच्या जातीतला प्राणी! १९६० साली ते 'मेन ओन्ली'त गेलं. तुम्ही म्हणताय तो 'मेन ओन्ली'चा नग्न फोटोंचा अवतार १९७१नंतरचा, पॉल रेमंड या प्रकाशकाने ते घेतल्यावरचा. 'लिलिपुट'मध्ये असलाच तर एखाददुसरा विवस्त्र स्त्रीचा फोटो, तोही कलात्मक.

लेस्टरकर: आहे एक. वाळूत पडलेली बाई. ते पान काढून टाकलं तर चालेल का? अंक सासऱ्यांना द्यायचाय, पण आमच्याकडे कुठलीही भेट आधी सासूबाई उघडतात.

रद्दीप्रेमी: अजिबात नाही! मुखपृष्ठ आधीच गेलंय, आता पानं फाडलीत तर रद्दीच उरेल.

चहाबाज: कलात्मक म्हणे. सासूबाईंना समजावून सांगा कला.

मंजिरी: सासऱ्यांना देताय होय. मग साल कशाला हवंय एवढं?

लेस्टरकर: त्यांचा जन्म १९४६चा. ऐंशी पूर्ण होतायत. जन्मसालचा अंक म्हणून घेतला.

वसंत नागपूर: विषयांतराबद्दल क्षमस्व, पण ख्रिसमस अंकाचा विषय निघालाच आहे म्हणून. आपले दिवाळी अंक तरी कुठून आले? का. र. मित्रांनी इंग्रजी ख्रिसमस अंक पाहूनच १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. त्या अंकांची शान काय होती! आता दोन जाहिरातींच्या मध्ये कथा शोधावी लागते.

मंजिरी: वसंतराव, जाहिराती नसतील तर लेखकाला मानधन कुठून द्यायचं?

वसंत नागपूर: मानधन मिळतं? कोणाला?

चहाबाज: कोणाला बीटनचा १८८७चा ख्रिसमस वार्षिकांक सापडला तर आधी मला कळवा. शेरलॉक होम्स पहिल्यांदा त्यात छापून आला. लेस्टरकर, त्या दुकानात परत एक चक्कर मारा.

रद्दीप्रेमी: दिवाळी अंकांसाठी वेगळा धागा काढा राव. लेस्टरकर, अनुक्रमणिकेच्या आसपास बारीक टायपात खंड आणि अंक यांचे आकडे शोधा.

लेस्टरकर: खंड १७, अंक ६. याचं काय करू?

रद्दीप्रेमी: सापडलं! पहिला अंक जुलै १९३७चा आणि खंड सहा महिन्यांचा. त्यामुळे त्या काळात डिसेंबर म्हणजे कायम सहावा अंक, आणि खंडाचा आकडा विषम. १९३७ला १, १९३८ला ३, असं दोन-दोनने मोजत या. १७ म्हणजे डिसेंबर १९४५. १९४६चा असता तर १९ दिसला असता.

लेस्टरकर: म्हणजे दुकानदाराने टोपी घातली. आता दुसरा कुठून आणू?

मंजिरी: थांबा. सासऱ्यांचा महिना कोणता?

लेस्टरकर: जानेवारी.

मंजिरी: अहो, मग हाच उत्तम! ते जन्मायच्या महिनाभर आधीचा अंक. सासूबाई सातव्या-आठव्या महिन्याचं डोहाळजेवण आठवतील.

चहाबाज: सासूबाई कशाला, सासऱ्यांच्या आई.

वसंत नागपूर: जन्म कुठला?

लेस्टरकर: मिरज.

वसंत नागपूर: मग तर प्रश्नच मिटला. लंडनहून बोटीने मुंबई, तिथून रेल्वेने मिरज. डिसेंबरचा अंक तिथे पोचेपर्यंत जानेवारी उजाडलाच असता.

लेस्टरकर: हे पटलं, हाच देतो. डब्यात ठेवलाय, सोडाही घातलाय. पण त्या वाळूतल्या बाईचं काय करू, ते कोणीच सांगितलं नाही.

मंजिरी: पाकिटावर दोघांचं नाव घाला. सासूबाईंचं आधी.