नाईट करून करून प्रार्थनाच सुचत नाही, माझा विश्वास कमी झालाय का?

नगरची_सिस्टर:
सर्वांना जय ख्रिस्त. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज नाईट करून आलेय आणि झोप येत नाहीये म्हणून लिहितेच. मी पुण्यात एका हॉस्पिटलला आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे, मूळची नगर जिल्ह्यातली, आजोबा गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे त्यामुळे उपासना, संडे स्कूल, नाताळची भजनं हे सगळं लहानपणापासून घरातलंच.

ह्या महिन्यात 11 नाईट झाल्या. दोघी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, त्यामुळे एकेकीकडे दोन, कधी तीन पेशंट, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. दर 2 तासांनी पोझिशन बदला, सक्शन करा, पंप वाजला की पळा, इनटेक आउटपुट लिहा, पहाटे 4 ला पायांची लाकडं झालेली असतात. आधी मी स्पंजिंग करताना मनातल्या मनात त्या पेशंटसाठी प्रार्थना करायचे, नाव घेऊन. आता नावच लक्षात राहत नाही, बेड नंबर 6 एवढंच. गेल्या आठवड्यात बेड 6 चे आजोबा गेले, मी सगळं केलं, नळ्या काढल्या, बॉडी बांधून दिली, त्यांच्या मुलाला पाणी दिलं, आणि मला आतून काहीच वाटलं नाही. त्याचीच भीती वाटली जास्त. बायबल उघडते तर अक्षरं दिसतात, आत काही जात नाही. रविवारी उपासनेत बसल्या बसल्या डोळा लागतो, पाळकसाहेबांना समोरून दिसत असणार, लाज वाटते. मम्मी म्हणते प्रार्थना कमी पडतेय बाळा. खरंच तसं आहे का? आधी जे वाटायचं ना की देव सोबत आहे, काही झालं तरी निभावेल, ते परत कसं येईल? कोणाला असं झालंय का?

प्रार्थना_योद्धा:
ताई, मम्मी बरोबर बोलतात. 3 दिवस उपवास धरा आणि पहाटे गुडघ्यावर या, मी अनुभवाने सांगतोय, माझा धंदा बसला होता तेव्हा ह्यानेच उभा राहिलो. पंडिता रमाबाईंचं बघा, केडगावला शेकडो अनाथ बायका पोरींचं मुक्ती मिशन सांभाळत हिब्रू ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली तरी हातातलं काम टाकलं नाही, ते पुरं केलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. चिकाटी अशी पाहिजे. तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

रिटायर्ड_सिस्टर:
योद्धा भाऊ, तुमचा अनुभव खराच आहे, पण 11 नाईट केलेल्या पोरीला उपवास नका हो सांगू, ड्युटीवर चक्कर येऊन पडेल आणि व्हेंटिलेटरचा पेशंट तिच्या हातात आहे. आणि रमाबाई माझ्या पण आदर्श, पण त्या एकट्या नव्हत्या, मुक्तीतल्या बायकांनीच त्या बायबलचे टाईप जुळवले, छापखाना चालवला.

बाळ, मी 34 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी आयसीयू आणि कॅज्युअल्टीत. मला पण असं झालं होतं, तेव्हा मला बायबलमधल्या 1 राजे पुस्तकाच्या 19 व्या अध्यायाने धरून ठेवलं, ते सावकाश वाच, किंवा मीच सांगते, तू ऐक फक्त. एलीयाने आदल्या अध्यायात कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम केलं, आकाशातून अग्नी उतरला, आणि लगेच ईजबेल राणीचा निरोप आला की तुला मारते, तर हा घाबरून बैरशेबापर्यंत पळाला, चाकराला तिथं सोडलं, रानात एक दिवसाची वाट चालून झुडपाखाली बसला आणि म्हणाला देवा पुरे झालं आता, माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा! आणि देवाने काय केलं बघ. रागावला नाही, प्रार्थना कमी पडतेय असं म्हणाला नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी, ऊठ खा. खाल्लं आणि परत झोपला, तरी काही बोलला नाही कोणी. दुसऱ्यांदा उठवून परत खायला दिलं, म्हणाला तुला लांबचा पल्ला गाठायचाय. त्या अन्नाच्या बळावर तो 40 दिवस 40 रात्री चालून होरेब डोंगराला गेला आणि तिथं देव त्याच्याशी बोलला, तोही शांत, मंद वाणीने. म्हणजे आधी भाकर, आधी झोप, बोलणं नंतर. मी हा भाग कितीतरी वेळा वाचला होता पण स्वतः नाईटवरून येऊन रडत बसले तेव्हा पहिल्यांदा कळला.

तर तू आता नाईटनंतर बायबल वाचायला बसू नकोस. जेव, खोलीत अंधार कर, झोप. एक ओळ पाठ असेल ती म्हण आणि डोळे मीट, येशूची अहो कष्टी व भाराक्रांत जनहो ही म्हण, ती तुझ्यासारख्यांसाठीच आहे. आजोबा गेले आणि काही वाटलं नाही म्हणतेस, तर तू त्यांच्या मुलाला पाणी दिलंस ना, ते काय होतं मग? मन सुन्न होतं गं अशा कामात, ते विश्वास गेल्याचं लक्षण नाही. पण असं महिनाभर राहिलं, झोपच उडाली, तर डॉक्टरला दाखव, त्यात कमीपणा नाही. आणि मेट्रनला लेखी दे. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर हवी हा नर्सिंग काउन्सिलचाच निकष आहे, तुम्ही सगळ्या मिळून सह्या करून द्या. मोशेला सुद्धा त्याच्या सासऱ्याने सांगितलं होतं की हे काम तुझ्या एकट्याच्या शक्तीबाहेरचं आहे, माणसं वाटून दे. निर्गम 18.

वसईकर_फुलवाला:
सिस्टर, आम्ही कॅथलिक, थोडं वेगळं वाटेल तुम्हाला पण सांगतो. माझी आई फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जायची, डोक्यावर टोपली, 3 ला उठायची. गाडीत बसली की रोझरी काढायची. मी लहानपणी विचारलं तू त्याच त्याच प्रार्थना का म्हणतेस, तर म्हणाली अरे इतक्या पहाटे माझ्या डोक्यात माझे शब्द कुठले यायला, हे आधीपासून आहेत म्हणून बरं आहे, मी फक्त मणी सरकवते. बऱ्याचदा मधेच झोपायची, दादर आलं की कोणीतरी उठवायचं, मणी हातात तसाच. तिला त्याची कधी लाज वाटली नाही. तुमच्याकडे स्तोत्रं आहेत ना, 130 वं बघा, पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याच्यापेक्षा जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो असं आहे त्यात. नाईट ड्युटीवाल्यानेच लिहिलंय असं वाटतं मला ते.

दोहातून:
मी इथं कतारला साईटवर आहे, मूळ जालना. उन्हाळ्यात 45 च्या पुढे पारा, शिफ्ट संपली की कॅम्पवर अंग टाकायचं फक्त. इथं शुक्रवारी सुट्टी म्हणून उपासना पण शुक्रवारी, मेसाइमीरला सगळी चर्च एकाच आवारात आहेत, बस बदलून जावं लागतं. मागच्या वर्षी 2 महिने गेलोच नाही, रूमवरचे 3 भाऊ जाऊन यायचे आणि रात्री माझ्या बाजूला बसून प्रार्थना करायचे, मी पडूनच. मला एक शब्द बोलता यायचा नाही. त्यातल्या एकाने निर्गम 17 दाखवलं, लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याला दगडावर बसवलं आणि अहरोन आणि हूर ह्यांनी दोन्ही बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. हात मोशेचेच, जोर त्यांचा. तुम्ही सध्या करू नका प्रार्थना, आम्ही करतो. बेड नंबर सांगा फक्त.

नगरची_सिस्टर:
आत्ता उठले, 6 तास झोपले, खूप दिवसांनी. सगळ्यांचं वाचलं, मावशी तुमचं तर दोनदा. पाणी दिलं ते मी विसरूनच गेले होते. आम्ही चौघींनी सह्या करून अर्ज लिहिलाय, उद्या मेट्रन मॅडमना देतो, काय होतं बघू. योद्धा भाऊ राग नका मानू, उपवास नंतर कधीतरी नक्की करेन. मम्मीला फोन करून एलीयाचं सांगितलं, ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, बरं मग तू जेवलीस का. दोहावाले भाऊ, बेड 4 आणि बेड 6. 6 ला काल एक ताई आल्यात, त्यांचं नाव मी हातावर पेनने लिहून ठेवलंय, इथं लिहिता येणार नाही पण देवाला माहीत आहे. भाकरी गरम करते आता, 8 ला ड्युटीचं पंच आहे.