मदत हवी आहे: जुन्या शिडाच्या बोटीला आधी नवे विंच घेऊ की ट्रॅव्हलर?

बेतीकर
मंडळी, जरा लवकर सांगा. माझी जुनी क्रूझिंग बोट मांडवीत मुरिंगवर असते. शिडाचं सगळं हार्डवेअर जुनं झालंय. दुपारचा वायव्येचा वारा सुटला की जेनोआची (पुढच्या मोठ्या शिडाची) शीट, म्हणजे ते आवळायचा दोर, विंचच्या ड्रमवर गुंडाळून ओढताना जीव मेटाकुटीला येतो. एकाने हँडल मारायचं, दुसऱ्याने दोराचं शेपूट ताणून धरायचं. बायकोचा खांदा दुखायला लागल्यापासून तो दुसरा माणूस उरला नाही. मेनचा (मुख्य शिडाचा) हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, तोही क्लचच्या पकडीत टिकत नाही, तासाभरात शीड वीतभर खाली येतं. दोन सेल्फ-टेलिंग (दोराचं शेपूट आपणच धरून ठेवणारे) विंच आणि केबिनच्या छपरावर नवा ट्रॅव्हलर (मेनची शीट आडवी सरकवायची पट्टी) असा बेत आहे, पण दोन्हीला एकदम पैसे पुरत नाहीत. आधी काय घेऊ? पावसाच्या आधी बसवून व्हायला हवं. ऑर्डर याच आठवड्यात टाकायची आहे.

जुना_नाखवा
बोट किती फुटी? कुठल्या सालची? जेनोआ केवढी? आत्ताचे विंच कुठले, आणि ते शेवटचे कधी उघडले होते? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार, बाब?

बेतीकर
३१ फूट, १९८४ ची, फायबरग्लास. जेनोआ २८ चौरस मीटर. विंच बॅरिएंटचे, दोन गिअरचे. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या मेकॅनिककडून ग्रीस भरून घेतलं होतं. पण माझा प्रश्न विंच आधी की ट्रॅव्हलर, एवढाच आहे.

आग्वादचा_वारा
विंच. दुसरा विचारच करू नका. मी ४० नंबरचे सेल्फ-टेलिंग बसवले आणि आता बोट एकटा चालवतो. हार्केन घ्या किंवा ल्यूमार, दोन्ही चांगले. ट्रॅव्हलरशिवाय कुणाचं अडत नाही, विंचशिवाय अडतं.

दोनापावला_शिडवाला
ट्रॅव्हलरशिवाय अडत नाही हे पटत नाही. झोताच्या वाऱ्यात मेनशीट सोडली की बूम (मेनच्या तळाचा आडवा दांडा) वर उचलला जातो आणि शिडाला वरून पीळ पडतो. ट्रॅव्हलर वाऱ्याच्या खालच्या बाजूला सोडला तर शिडाचा आकार तसाच राहतो, बोटीचं कलणं तेवढं कमी होतं. दुपारी कॅबोच्या टोकाजवळ झोत येतात तेव्हा मी दुसरं काहीच करत नाही.

आग्वादचा_वारा
तुमची बोट रेसची आहे. ह्यांना घरच्या माणसांना घेऊन फिरायचंय. झोत आला तर रीफ घ्यावा, शीड लहान करावं.

मालवणी_तांडेल
एवढा खर्च कशाला? मालीम जेटीवर जाऊन बघा, ट्रॉलरवाले कसल्या कप्प्या वापरतात. मी जुन्या कप्प्यांची चाकं लेथवर नायलॉनमध्ये कातून घेतली. चार वर्षं झाली, अजून चालताहेत.

विंचवाली
तांडेलदादा, नायलॉन पाणी पितं. फुगलं की चाक बाजूच्या पत्र्यांना घासतं आणि तेवढीच ओढ वाढते. कातूनच घ्यायचं असेल तर डेल्रिन घ्या, ते फारसं पाणी शोषत नाही. तरी शीटच्या कप्पीसाठी मी ते सुचवणार नाही, कारण भार चाकापुरता नसतो. दोर कप्पीतून पूर्ण मागे वळत असेल तर कप्पीवर आणि तिच्या बोल्टवर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळला तरी जवळजवळ १.४ पट.

बेतीकर, तुमच्या २८ चौरस मीटरच्या जेनोआचा हिशोब करून बघा. क्षेत्रफळ गुणिले वाऱ्याच्या नॉट्सचा वर्ग गुणिले ०.०२१०४. वीस नॉट्सला शीटवर साधारण २३५ किलो, पंचवीसला ३६८. म्हणजे वारा सव्वापट झाला की भार दीडपटीवर जातो. आधी हे सांगा, तुम्ही विंच कधी फिरवता? शीड भरल्यावर, की टॅक होत असताना, म्हणजे बोट वळून वारा दुसऱ्या बाजूला घेताना, शीड वाऱ्यात फडफडत असतानाच हाताने शीट ओढून घेता?

बेतीकर
भरल्यावर. बोट वळवायची, सुकाणू धरायचं आणि शीटही ओढायची हे एकट्याने जमत नाही. म्हणूनच तर सेल्फ-टेलिंग म्हणतोय.

पर्वरीचा_इंजिनिअर
मी तुमच्या जागी असतो तर जुनं डिझेल इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवली असती. आवाज नाही, धूर नाही. मांडवीत फिरायला तेवढी पुरते. शिडं मग हौसेपुरती.

जुना_नाखवा
इंजिनाचं कुणी विचारलेलं नाही. बेतीकर, तुमच्याच बोलण्यातले दोन धागे आधी सोडवा.

मेकॅनिकने "ग्रीस भरलं" म्हणता. कुठे भरलं? विंचच्या आत पॉल असतात, नखाएवढे खटके. बारीक स्प्रिंगा त्यांना बाहेर ढकलतात आणि ते दातऱ्यात अडकतात म्हणून ड्रम उलटा फिरत नाही. ग्रीस गिअरना आणि बेअरिंगना लावायचं. पॉलना फक्त पातळ तेल. त्यांच्यावर घट्ट ग्रीस थापलं तर दोन पावसाळ्यांत ते डिंकासारखं होतं आणि पॉल आतच चिकटून बसतात. मग विंच जड लागतो. ते एक वेळ सोसता येईल, पण भार असताना पॉल सुटला तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तळमळीने सांगतोय.

दुसरं, हॅलयार्ड किती मिलिमीटरचा? आणि क्लचवर काय आकडा आहे?

बेतीकर
हॅलयार्ड गेल्या वर्षी बदलला. ८ मिलिमीटर डायनीमा, ताणला जात नाही म्हणून. क्लचवरचा आकडा बघावा लागेल.

विंचवाली
मग बघाच. १०-१२ चा क्लच असेल तर त्याला आठचा दोर पकडताच येणार नाही. क्लच बदलू नका. क्लचमध्ये येतो तेवढ्याच लांबीवर जादा कव्हर चढवून घ्या, दोर तिथे जाड होईल.

दिवाडीप्रेमी
गोव्यात राहून बाहेरून सामान मागवायची वेळ यावी हे मनाला लागतं. म्हादेई ही शिडाची बोट आपल्या दिवाडी बेटावरच बांधली गेली. २००९ मध्ये ती नौदलात आली, तिच्यावरूनच दिलीप दोंदे २०१० मध्ये एकट्याने जग फिरून आले आणि २०१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. पुढे २०१७-१८ मध्ये तारिणीवरून सहा महिला अधिकारी फिरल्या, तीही दिवाडीचीच. त्या यार्डात काम केलेले हात आजूबाजूलाच असतील. एखाद्याला बोट दाखवा.

आग्वादचा_वारा
अभिमान आम्हालाही आहे, पण विंच दिवाडीला बनत नाहीत. धागा मूळ विषयावर येऊ दे.

दोनापावला_शिडवाला
दिवाडीप्रेमींचं शेवटचं वाक्य मात्र कामाचं आहे. बेतीकर, छपरावर ट्रॅव्हलर म्हणजे आठ-दहा नवी भोकं. तुमचा डेक सँडविच आहे का? म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा, ते हलकं लाकूड, आहे का? पावसात आत कुठे गळतं का?

बेतीकर
गळतं थोडं. जेनोआच्या ट्रॅकखाली (शीटची कप्पी बसते त्या पट्टीखाली), स्वयंपाकाच्या ओट्यावर. चहाच्या रंगाचं पाणी येतं. त्याचा काय संबंध?

जुना_नाखवा
सगळा संबंध तिथेच आहे! पाणी चहाच्या रंगाचं, म्हणजे बाल्सा कुजतोय. बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरतं. डेक मऊ झाला की ट्रॅकचे बोल्ट हलतात, आणि हलले की आणखी पाणी शिरतं. त्याच ट्रॅकवर तुमच्या शीटचे दोन-अडीचशे किलो येतात. नवा विंच घेऊन जास्त जोराने ओढलंत तर ट्रॅकच उपटून येईल.

ड्रिलसुद्धा लावू नका अजून. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डेकवर ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, ओल्या जागी बद्द. खडूने रेघ मारा.

मालवणी_तांडेल
एवढ्याशा गळतीला बोल्टभोवती सिलिकॉन मारा. बाजारात मिळतो तोच. आणि बोल्ट घेताना चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर अस्सल ३१६ स्टेनलेस.

विंचवाली
दादा, दोन्हींना माझा विरोध आहे. बोल्टभोवती वरून मारलेलं सिलिकॉन पाणी थांबवत नाही, उलट आतलं पाणी कोंडून ठेवतं. आणि त्या जागी नंतर दुसरं सीलंट धरत नाही. चुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. फरक मॉलिब्डेनमचा आहे, त्याला चुंबक काय सांगणार? खाऱ्या पाण्यात ३०४ आधी गंजतो. बिलावर ३१६ लिहून देणाऱ्याकडूनच घ्या.

बेतीकर, पद्धत अशी: बोल्ट काढायचा, भोक मोठं करायचं, कडेचा कुजका बाल्सा खरवडून काढायचा. पूर्ण वाळू द्यायचं. जाडसर एपॉक्सीने भोक भरायचं आणि त्यातच बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडायचं. वर ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), खाली भार पसरवायला मोठी बॅकिंग प्लेट. असं केलं की पुढे गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्याकडे ते जूनच्या आधीच होतं.

बेतीकर (रविवारी रात्री)
आज दिवसभर बोटीवर होतो. सविस्तर लिहितो, कारण आधी लिहायला हवं होतं ते लिहिलं नव्हतं.

डाव्या बाजूचा विंच उघडला. पुठ्ठ्याच्या खोक्याला मधोमध भोक पाडून ते विंचभोवती बसवलं, म्हणजे सुटे भाग नदीत जाऊ नयेत. ड्रम वर उचलल्यावर आत काळं, घट्ट, गुळाच्या काकवीसारखं ग्रीस. चार पॉलपैकी दोन आत चिकटलेले, नखाने उकरून काढावे लागले. रॉकेलने धुऊन, तेलाचा थेंब देऊन पुन्हा बसवले तेव्हा टिक-टिक असा स्वच्छ आवाज आला. हा आवाज ह्या विंचमधून मी कधी ऐकलाच नव्हता. एक स्प्रिंग मात्र खोक्यावरून उडून मांडवीत गेली, त्यामुळे उजवा विंच उघडायचा धीर झाला नाही.

क्लचवर १०-१२ लिहिलंय. विंचवाली, तुमचं बरोबर होतं.

डेक ठोकून पाहिला. डाव्या ट्रॅकच्या मागच्या तीन बोल्टभोवती पंजाएवढी जागा बद्द वाजते. एक बोल्ट काढला तर मधोमध बारीक झालेला, आणि भोकातून ओला, तपकिरी चुरा आला. उजवी बाजू टणक आहे. छपरावरही ठोकलं, तिथे बद्द कुठेच नाही.

ऑर्डर टाकलेली नाही. ट्रॅव्हलर पुढच्या हंगामात बघू. एपॉक्सी मिळालं, पण ब्यूटाइल टेप पणजीत दोन दुकानांत विचारली, नाही म्हणाले. गाडीच्या काचेची टेप चालेल का? आणि जुन्या बॅरिएंटच्या स्प्रिंगा कुठे मिळतील? कंपनी तर कधीच बंद झाली.

विंचवाली
काचेची टेप खरंच ब्यूटाइलची असेल तर चालेल, पण फोमची पट्टी देतील ती घेऊ नका. बोटांत ताणून बघा, च्युइंगगमसारखी तार यायला हवी.

आग्वादचा_वारा
सेल्फ-टेलिंगचं माझं मत कायम आहे, वहिनींच्या खांद्यासाठी तरी. पण ट्रॅक आधी, हे मान्य.

जुना_नाखवा
माझ्याकडे जुन्या बॅरिएंटच्या सात-आठ स्प्रिंगा डबीत आहेत, माप जुळेल असं वाटतं. शनिवारी सकाळी मतलई वारा असेपर्यंत येतो, उजवा विंच मिळून उघडू. बोल्टची भोकं तोवर उघडीच ठेवा, वर ताडपत्री बांधा, दव पडतं.

बेतीकर
देव बरें करूं, काका. साडेसातला होडी घेऊन बेतीच्या धक्क्यावर थांबतो. खोकं ह्या वेळी मोठं आणतो.