मदत हवी आहे: डिस्कस माशाची पिल्लं आई-बापाच्या अंगाला लागत नाहीत

पिजन ब्लड या रंगप्रकारातल्या डिस्कसची जोडी आहे. टाकी १२० लिटरची, मागे काळा कागद, खाली वाळू नाही. तापमान २९ अंश, पीएच ६.२. अंडी घालण्यासाठी ठेवलेल्या कोनावर (शंकूवर) अंडी फुटली. पिल्लं आज सकाळपासून सुटी पोहू लागली, पण सगळा घोळका काळ्या स्पंज फिल्टरभोवती. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवलेसे जीव, पिल्लांचं खाद्य) सुरू करू? नर-मादीला बाजूला काढू?

प्रतिसाद १
जोडीला अजिबात हलवू नका! आई-बापाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच पिल्लांचं पहिले चार-पाच दिवसांचं खाणं. आर्टेमिया आत्ता टाकला तर पाणी मात्र नासेल.

घोळ रंगाचा आहे. अमेझॉनच्या खोऱ्यात डिस्कस बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाला राहतात. पिल्लं सांभाळताना रानातल्या नर-मादीचं अंग काळवंडतं आणि पिल्लं गडद आकाराकडे धाव घेतात. पिजन ब्लड तसा काळवंडत नाही, मग टाकीतली सगळ्यात काळी वस्तू म्हणजे तुमचा फिल्टर!

आधी तो काढा, काढताना स्पंजला चिकटलेली पिल्लं त्याच पाण्यात हलकेच झटका. मागे काळ्याऐवजी पांढरा कागद. एअरस्टोनचे बुडबुडे अगदी मंद ठेवा. हीटर बंद करून आडवा लावा, तो पूर्ण बुडलेला राहील आणि माशांची पाठ उघडी पडणार नाही इतपत पाणी उतरवा, मगच हीटर चालू करा. रात्री मंद दिवा हवाच, अंधारात पिल्लं भरकटतात.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण फिल्टर काढला की अमोनिया वाढणार. रोज पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं. एअरलाइनच्या बारीक नळीने बादलीत काढा, म्हणजे ओढलेलं पिल्लू परत टाकता येतं.

नर अंग झटकून पिल्लं मादीकडे ढकलतो, नंतर ती त्याच्याकडे. ही पाळी बदलणं आहे, घाबरू नका.

आर्टेमिया पाचव्या दिवसापासून, ताजा फुटलेला, मीठ धुऊन, थोडा थोडा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की अंडी घातल्यावर या थरातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उतरतात आणि जोडी पिल्लांना टाळू लागते. तोवर पिल्लं आर्टेमियावर तयार झालेली हवीत.

धागाकर्ता
पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ९० आहे. अजून कमी करू?

प्रतिसाद १
नको. मऊ पाणी अंडी फळायला लागतं, तो टप्पा झाला. आता टीडीएस हलवला तर पिल्लांनाच झटका बसेल.